बाळाबरोबर एकटं

"तिला बाळाबरोबर एकटं सोडणारच नाही आम्ही," मॉनिटर म्हणाली आणि वर्गातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. प्रश्न वर्गाच्या बाईंनी विचारला होता, आणि तो सगळ्यांनाच होता. बाळ घरी आल्यावर सुरुवातीला मदतीला कोण असणार? कुणी म्हणालं सासू, कुणी म्हणालं बहीण, एक नवरा छाती काढून "मीच" म्हणाला, त्यावर त्याच्या बायकोला हसू आवरेना. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मॉनिटर बोलून मोकळी झाली होती. ही तिची जुनी खोड. शाळेत ती आमच्या वर्गाची मॉनिटर होती. शाळा सुटली तरी मॉनिटरकी सुटली नाही, आणि ते नाव आता तिच्या नवऱ्यासकट सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. माझ्या नवऱ्याला दुपारी कामावरून सुटता येत नाही, म्हणून या बाळंतपणाआधीच्या वर्गाला सोबतीण म्हणून ती माझ्याबरोबर येते. श्वास कसा घ्यायचा, कळ आली की कुठं धरायचं, बाळाला कसं उचलायचं, हे सगळं ती माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकते. मी चटईवर पाय पसरून, पाठीला उशी लावून बसले होते. मीही हसले, हसायलाच हवं होतं. पण ते वाक्य कानात अडकलं ते अडकलंच. एकटं सोडणार नाही, हे ठीक. मैत्रिणी असं म्हणतात. मग त्यात 'बाळाबरोबर' कशाला? त्याच्याशिवाय वाक्याचं चांगलं भागत होतं. एक शब्द जास्त पडला होता.

जास्त पडलेलं मला लगेच कळतं. माझी नोकरीच ती आहे. मी दुकानांमधली वजनंमापं तपासते. मखमलीचे खण असलेली लाकडी पेटी घेऊन बाजारात जायचं, आपली पितळी वजनं दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, बरोबर असेल तर शिक्का आणि नसेल तर पुढची कारवाई. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कमी देणारा माणूस कधीच कमी देताना दिसत नाही, तो वरून एक चिमूट टाकतो. "घ्या ताई, तुमच्यासाठी थोडं जास्त." ती चिमूट पडली की मी पारड्याखाली हात घालते. तिथं काहीतरी चिकटवलेलं असतंच. मेणाचा गोळा, लोहचुंबक, एकदा तर चघळून मऊ केलेलं च्युइंगगम निघालं. मी आरडाओरडा करत नाही. दुकानदार "अरेच्चा, हे कसं आलं" म्हणतो, मी "आलं खरं" म्हणते, आणि दोघंही आपापलं काम करतो. पण या नोकरीनं माझं एक मोठं नुकसान केलं. कुणी गोड बोललं की माझा हात आपोआप खाली जातो. मैत्रिणी मला काटेबाई म्हणतात. नवरा म्हणतो, हिच्याशी तोलूनमापून बोलावं लागतं. तो हे विनोदानं म्हणतो आणि मग खरोखरच तसं बोलतो.

परतताना गाडी मॉनिटर चालवत होती. आपण आता औषधांच्या दुकानाशी थांबू, आपण तुझ्यासाठी सैल मोजे घेऊ, मग आपण कुठंतरी बसून चहा पिऊ, असं तिचं चाललं होतं. गाडीत सगळं 'आपण' होतं. बाईंशी बोलताना मात्र 'आम्ही'. बाई आमच्यातल्या नव्हेत म्हणून त्यांच्याशी बोलताना आम्ही, एवढं व्याकरण मलाही येतं. पण 'तिला' म्हणजे मला, म्हणजे त्या 'आम्ही'त मी नाही. मग कोण? मॉनिटर एक झाली. एकटं माणूस स्वतःला आम्ही म्हणत नाही, निदान मॉनिटरसुद्धा अजून तेवढी वर पोचलेली नाही. दुसरं कोण? सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. शंकेची पाल चुकचुकते असं लोक म्हणतात, माझ्याकडे ती पाळलेलीच आहे. ती चुकचुकत राहिली आणि मी मोजे घेतले, चहा प्याले, बिस्किटं खाल्ली.

हा 'आम्ही' शब्द मला लहानपणापासून बोचतो. मी मावशीकडे वाढले. आई तेव्हा होती, त्याच शहरात होती, बसनं मला भेटायला यायची. माझ्या जन्मानंतर तिला बरं नव्हतं म्हणून मावशीनं मला चार दिवसांसाठी नेलं, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. ते चार दिवस मी कमावती होईपर्यंत संपले नाहीत. आई आली की पाहुण्यांच्या खुर्चीत अगदी टोकाला बसायची, पर्स मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळलेला. मावशी तिच्यासमोर बसून माझी हकीकत सांगायची. "आमची फार हट्टी आहे हो. आमची दूध म्हटलं की पळते. आमचीला गणितात कुणी हात धरणार नाही." आमची. जिनं मला जन्म दिला तिला ती सांगत होती, आमची. मावशी वाईट नव्हती, तिनं मला कधी काही उणं पडू दिलं नाही, आणि मला वाटतं तिला तो शब्द ऐकूच येत नसावा. आईला येत असणार. ती "हो का" म्हणायची आणि माझ्यासाठी संत्रं सोलायला घ्यायची. फोडीवरचा एकेक पांढरा दोरा काढून ती त्या बशीत ओळीनं मांडायची, आणि मी खेळायला पळून गेलेली असायचे. मावशीनं मला आईकडून काढून घेतलं असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. आई गेली तेव्हाही विचारलं नाही. गोड बोलून नेलं असणार, "तू विश्रांती घे, आम्ही आहोत ना" असं म्हणून नेलं असणार, हे मला डोळ्यांपुढे दिसायचं.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देणं हाही त्याच्या कामाचा भाग असतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक वेगळा आवाज आहे. 'काही झालेलं नाही, मी इथंच आहे, दाराला हात लावू नका.' अलीकडे तो माझ्याशी त्याच आवाजात बोलायला लागला होता. त्याच आठवड्यात एकदा मी घरी आले तर न्हाणीघराच्या दाराची आतली कडी गायब. "कडी कुठं गेली रे?" "सैल झाली होती." "सकाळी तर घट्ट होती. मीच लावली की." तो पाना पुसत राहिला. "अगं, तुझा पाय घसरला, चक्कर आली, तर दार बाहेरून उघडायला नको का?" पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं असतं तेच मला पटत नाही. मग बघितलं तर औषधांचा डबा टेबलावरून उठून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला होता. म्हणाला, लहान मूल येणार ना घरात. मी म्हटलं, ते काय जन्मल्याबरोबर स्टूल लावून वर चढणार आहे? तो हसला, पण नेहमीसारखं हसला नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघून मग हसला. रात्री तो शांत झोपला होता आणि मी पोटावर हात ठेवून विचार करत होते की या माणसाला काय माहीत आहे जे मला माहीत नाही.

मी एकेक शक्यता उचलून बघितली. बाळात काही दोष आहे आणि तो माझ्यापासून लपवताहेत? डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सोनोग्राफीची फिल्म पुन्हा दाखवायला लावली. त्या म्हणाल्या, सगळं छान आहे, तुम्ही आनंदात राहा. आनंदात राहा म्हणून सांगावं लागतं याचाच मला संशय आला. नवरा आणि मॉनिटर? तेही मनात आणून बघितलं आणि एकटीच हसले. घरात हुकूम कुणी सोडायचा यावरच त्यांचं पहिल्या दिवशी फाटलं असतं. मग आमची तिसरी मैत्रीण, दातवाली, दवाखाना बंद करून बाळाची झबली घेऊन आली. दात सोडून ती कधी कुणाच्या दुसऱ्या अवयवाची चौकशी करत नाही. ती शेजारी बसून विचारायला लागली, झोप लागते का, मध्येच रडू येतं का, नको नको वाटतं का. मी म्हटलं, तू दातांची डॉक्टर ना? म्हणाली, "अगं, सहज." सहज विचारलेल्या गोष्टीला कुणी सहज म्हणत नाही. म्हणजे 'आम्ही'तली ही दुसरी. आणि तिसरा माझाच नवरा, कडी काढणारा. ती गेल्यावर मी झबल्यांच्या घड्या उगाच मोडून पुन्हा घातल्या, आणि तेव्हा एक शक्यता मनात आली ती जाईना. मॉनिटरला मूल नाही. तिनं वर्षानुवर्षं डॉक्टर केले, मग एक दिवस ते सगळं बंद केलं आणि त्याविषयी बोलणंही बंद केलं. माझ्या बाळाचे कपडे तिनं आपल्या घरी नेऊन उकळत्या पाण्यातून काढून, इस्त्री करून आणले होते. आपल्याकडच्या रिकाम्या खोलीला तिनं नवा पिवळा रंग दिला होता. "असू दे, तुम्ही दोघं राहायला आलात तर," असं म्हणाली होती. दोघं म्हणजे कोण कोण? मला माझीच शिसारी आली. जी बाई माझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळते तिच्याबद्दल मी हे मनात आणत होते. पण शिसारी आली म्हणून शंका काही गेली नाही, दोघी शेजारीशेजारी बसून राहिल्या.

पुढच्या वर्गाला बाईंनी बाहुल्या वाटल्या. कापडाच्या, आत वाळू भरलेल्या, नवजात बाळाच्या वजनाच्या. माझी हातात घेतल्याबरोबर मी म्हटलं, "बाई, ही हलकी आहे." बाई म्हणाल्या, सगळ्या सारख्याच आहेत. मी म्हटलं, असतील, ही हलकी आहे, शिवणीतून वाळू गळली असणार. सगळे हसले. मॉनिटर म्हणाली, "काटेबाई, आज सुटीवर आहात." बाईंनी मान कशी सांभाळायची, कुशीत कसं घ्यायचं ते दाखवलं. बाकीच्या बायका खऱ्या बाळाशी बोलावं तसं बाहुलीशी बोलायला लागल्या. मला काही सुचेना. मी ती बाहुली बरोबर धरली होती, कोपर बरोबर, मान बरोबर, पण तिच्याशी बोलायला एक शब्द फुटेना. पोटात खरं बाळ हलतं तेव्हा या बायका "अगं बाई, बघ कसा लाथ मारतोय" म्हणून हसतात. मी आधी दचकते, आणि मग हसले पाहिजे हे आठवून हसते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाहुलीचं रंगवलेलं तोंड बघता बघता मला वाटलं, हे सगळ्यांना दिसत असणार, मी जशी दुकानदाराच्या चेहऱ्यावर वाचते तसं हे लोक माझ्या चेहऱ्यावर वाचत असणार. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण दमलो हे ओळखायचं आणि न लाजता बाळ सोबतिणीच्या हातात द्यायचं." सगळ्यांनी भराभर दिली. मॉनिटरनं हात पुढं केले. "आण इकडे." मी दिली नाही. "दे ना गं." मी बाहुली घट्ट धरली. तिनं गमतीनं थोडं ओढलं, मीही ओढलं, आणि शिवण उसवून चटईवर वाळूची रेघ पडली. कुणी हसलं नाही. मी बाहुली घेऊन उठले. आठव्या महिन्यात उठायचं म्हणजे आधी एका कुशीवर, मग गुडघ्यावर, मग भिंतीला धरून. एवढा वेळ सगळे बघत राहिले आणि मग मी दार उघडून बाहेर जिन्यात आले.

मॉनिटर मागोमाग आली. दुपारची वेळ, जिन्यात कुणी नव्हतं, खालच्या मजल्यावर कुठंतरी टायपिंगचा आवाज येत होता.

"काय झालं तुला? बाहुली आहे ती."

"आम्ही म्हणजे कोण?"

"काय?"

"तिला बाळाबरोबर एकटं सोडणार नाही आम्ही. असं म्हणालीस तू. आम्ही म्हणजे कोण कोण?"

ती पायरीवर बसली, मग मलाही बसायला जागा करून दिली. मी उभीच राहिले.

"तुझा नवरा आला होता आमच्याकडे," ती म्हणाली. "दातवालीलाही बोलावून घेतलं होतं त्यानं. फार घाबरला होता गं. रडला आमच्यासमोर."

"कशाला?"

"तुझ्या आईला बाळंतपणानंतर जे झालं..."

"तिला बरं नव्हतं. मावशीनं त्याचा फायदा घेतला."

"तसं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुमच्या लग्नानंतर मावशीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हिला बोलू नकोस, पण मूल होईल तेव्हा लक्ष ठेव म्हणून. मावशीनं नेलं नाही तुला. तुझ्या आईनंच तिला बोलावून घेतलं. तुला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, हिला ने, माझा भरवसा नाही."

माझा भरवसा नाही. मी आईच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं, तरी ते मला तिच्याच आवाजात ऐकू आलं. इतकी वर्षं मी मावशीच्या पारड्याखाली हात घालून बघत होते आणि तिथं काहीच चिकटवलेलं नव्हतं. जे काही होतं ते आईनं स्वतःच्या हातानं काढून देऊन टाकलं होतं. मला नवऱ्याचा संताप आला. त्याला हे माझ्याआधी माहीत होतं, ते पोटात ठेवून तो माझ्याशेजारी जेवत होता, झोपत होता, कड्या काढत होता. आईचा राग येईल असं वाटलं, पण तिचा आला नाही. तिची भीती वाटली, आणि लगेच स्वतःची. कारण मघाशी आत, त्या रंगवलेल्या तोंडाकडे बघताना, तेच वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, फक्त ते कुणाचं आहे हे मला माहीत नव्हतं. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि माझ्या पोटात तर अख्खं एक माणूस होतं. मी पायरीवर बसले. मॉनिटर सरकली.

"म्हणजे तुम्हाला माझा संशय आहे," मी म्हटलं.

"भीती आहे."

"एकच ते."

"नाही गं. संशय असता तर तुझ्यापासून लांब राहिलो असतो." मग ती पहिल्यांदा चिडली. "आणि तुला काय वाटलं होतं? खरं सांग. मी पळवून नेणार होते तुझं बाळ?"

मी बाहुलीची उसवलेली शिवण बघायला लागले. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते कळताना मी बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एक मोठा श्वास घेतला, आत बाई शिकवतात तसा, आणि सावकाश सोडला. उठून निघून जाईल असं वाटलं, पण ती गेली नाही. माझ्या हातातली बाहुली घेऊन तिनं उसवलेली जागा बोटांनी दाबून धरली.

"नेण्यासारखं काय आहे," ती म्हणाली, "तुझ्यावर गेलं तर आल्या आल्या माझं वजन तपासेल."

"ऐक," मी म्हटलं. "लक्ष ठेवा. सगळ्या कड्या काढा, सुऱ्या लपवा, गोळ्या छताला टांगा. पाळी लावून बसा माझ्यासमोर, मी काही म्हणणार नाही. पण बाळ उचलून नेऊ नका. मी रडले तरी, गप्प झाले तरी. ते माझ्या खोलीत राहू दे."

"नाही नेणार."

"लगेच बोलू नकोस."

ती थांबली. आत बायकांना लांब श्वास घ्यायला लावत होते, बाईंचा आवाज दारातून येत होता, घ्या, धरा, सोडा. मॉनिटर खरोखरच विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती, शाळेत गणित अडलं की पडायची तशी. मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"आणि तूच म्हणालीस, न्या म्हणून?" तिनं विचारलं. "स्वतःच्या हातानं दिलंस, तर? मी काय करायचं?"

तसं नाही म्हणणार मी, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. आईलाही कुणी आधी विचारलं असतं तर तीही नाहीच म्हणाली असती. तिनं मला दिलं तेव्हा सगळ्यांनी तिचं ऐकलं असणार. शहाणी आहेस, विश्रांती घे, असं म्हणून दार ओढून घेतलं असणार. आणि मग त्या घरात ती होती, आणि तिला स्वतःचा भरवसा नव्हता, आणि शेजारी कुणी नव्हतं.

"तर मलाही न्या," मी म्हटलं. "आईला कुणी नेलंच नाही."